गोलातली सॉरी

आधीच सांगते, हे मी मोठ्या मनानं वगैरे लिहीत नाहीये. एका माणसानं मला अख्ख्या शिफ्टसमोर, मी न केलेल्या चुकीसाठी सॉरी म्हणायला लावलं होतं आणि मला त्याच्याकडून ती परत पाहिजे होती. त्याच जागी, त्याच लोकांसमोर. नंतर बाजूला घेऊन हळूच म्हणलेली नको होती, चहाच्या कपासोबत आलेली नको होती. तशी आली असती तर मी ती नालीत ओतली असती.

तर कंपनी चाकणला. आम्ही बाइकचे आरसे बनवतो. डावा आणि उजवा. दिसायला सारखेच असतात, पण डावा उजवीकडं बसत नाही, त्यामुळं आमच्याकडं सगळ्यात मोठं पाप म्हणजे डाव्या-उजव्याची अदलाबदल. मी डिप्लोमा करून क्वालिटीला ट्रेनी म्हणून लागले होते. आकुर्डीतून कंपनीची बस पकडायची, तळवड्यावरून पुढं, आणि पहिल्या शिफ्टला हूटर व्हायच्या आधी गोलात उभं राहायचं.

गोल म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. काम सुरू व्हायच्या आधी शिफ्टमधले सगळे लाइनच्या शेजारी मोठा गोल करून उभे राहतात. आधी हातपाय हलवायचे, मग सेफ्टीची शपथ, आणि मग सॉरी. हे सॉरीचं एचआर मॅडम कुठल्यातरी ट्रेनिंगमधून घेऊन आल्या होत्या, आणि त्या स्वतः रोज गोलात उभ्या असायच्या. काल ज्याच्याकडून चूक झाली त्यानं गोलाच्या मध्ये यायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "सॉरी टीम." मग सगळ्यांनी मिळून एकच टाळी वाजवायची. टाळी म्हणजे टीमनं माफ केलं. टाळी पडली की त्यानं आपल्या जागेवर जायचं आणि लाइन सुरू. टाळी पडेपर्यंत मध्येच थांबायचं असा नियम होता, पण टाळी न पडण्याचा प्रश्नच नव्हता, सगळ्यांना ते उरकायचं असायचं. डास मारल्यासारखी टाळी वाजवायचे लोक. मी पण तशीच वाजवायचे, हे खरंय.

आमचे सुपरवायझर सर. वाईट माणूस दिसत नाही तो, तीच तर अडचण आहे. खिशाला दोन पेनं, दाढी रोज गुळगुळीत, आणि लाइनवरच्या सगळ्या पोरींना बेटा म्हणणार. त्या दिवशी संध्याकाळी मी पॅकिंगच्या टेबलावर होते. बॉक्सवर लावायची लेबलं प्रिंट होऊन आली ती उजव्याची, आणि टेबलावर लॉट डाव्याचा. मी हात वर केला, टेबल थांबवलं.

"सर, हा डावा आहे. लेबल उजव्याचं आलंय."

"बेटा, गाडी गेटवर उभीय."

"परत प्रिंट काढायला फार वेळ नाही लागणार."

"आण तो रोल इकडं." त्यांनी माझ्या हातातून रोल घेतला आणि फटाफट बॉक्सवर लेबलं मारत सुटले. "बघ, काम असं करतात. डावा लॉट दुसऱ्या पॅलेटवर असेल, तुझा गोंधळ झालाय."

"सर पण..."

"पण ठेव घरी."

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कस्टमरकडून बॉक्सचा फोटो आला. वर उजवा लिहिलंय, आत डावे. तिकडं त्यांची लाइन थांबली होती. गोलात शपथ झाली आणि सर म्हणाले, "कालच्या पॅकिंगला कोण होतं?" माझ्याकडं बघत. म्हणजे त्यांना माहीत होतं कोण होतं, ते स्वतः होते. मी त्यांच्याकडं बघितलं. मला खरंच वाटलं की आता ते म्हणतील, मी होतो. ते मोबाइलमध्ये बघायला लागले. आणि मग अगदी मायेनं म्हणाले, "ये बेटा मध्ये. घाबरायचं नाही, शिकायचं."

मी गेले. का गेले? कारण मला कन्फर्म करायचं की नाही हे तोच माणूस ठरवणार होता, आणि कारण सगळे बघत होते. "सॉरी टीम." टाळी पडली. माझी मैत्रीण, परभणीकडची, माझ्याच बसला असते, तिनंसुद्धा वाजवली. नंतर म्हणाली, "हात आपोआप गेले गं, माझं लक्षच नव्हतं." तिला मी लगेच सोडलं. सरांना नाही सोडलं.

घरी सांगितलं तर पप्पा म्हणाले, "म्हणून टाकायचं. सॉरीला काय लागतं?" पप्पांची अख्खी नोकरी कंपनीत गेली, त्यांनी किती ठिकाणी म्हणून टाकली असेल कुणास ठाऊक. मम्मी रविवारच्या विहाराची साडी इस्त्री करत होती, ती म्हणाली, "राग धरून ठेवला की आपल्यालाच भाजतं." मी म्हटलं, भाजू दे.

आणि मग मी बदला घ्यायला लागले. म्हणजे हसू नका, पण मी घेत होते. सर गुड मॉर्निंग म्हणाले की मी मुद्दाम थोडं थांबून मग उत्तर द्यायचे, माणूस वाट बघतो ना तेवढं. लाइनवर कुणाचा वाढदिवस असला की केक मी कापायचे आणि सरांना नेहमी कडेचा कोरडा तुकडा, क्रीम नसलेला. ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुविचार टाकायचे, सगळे अंगठे द्यायचे, मी बघून सोडून द्यायचे. एकदा त्यांच्या दाताला कोथिंबीर अडकलेली होती आणि व्हिजिटर यायचे होते. मी त्यांच्याशी अगदी नीट, नजरेला नजर देऊन बोलले आणि कोथिंबिरीबद्दल एक अक्षर काढलं नाही. तो दिवस माझा चांगला गेला.

मैत्रीण म्हणायची, "बाई, तुला काम कमी हाय का गं? एका सॉरीपायी किती जळायलीस."

"मला ती परत पाहिजे."

"सॉरी काय डबा हाय का परत द्यायला?"

मी कन्फर्म झाले, कागद मिळाला, पेढे वाटले. सरांना पण दिला. सगळ्यात लहान.

आता मधलं ऐका. निगडीला रविवारी सकाळी जर्मनचा क्लास असतो, तिथं मी जाते. आमच्या पट्ट्यात अर्धी पोरं जर्मन शिकतात, कधीतरी कंपनी तिकडं पाठवेल म्हणून. तर क्लासमध्ये एक शब्द आला, झेअर. म्हणजे खूप. झेअर गुट, खूप छान. सोपा शब्द. आणि शिकवणाऱ्या बाई जाता जाता म्हणाल्या की हा इंग्रजीतल्या सॉरीचा भाऊ लागतो बरं का. मी पेन खाली ठेवलं. सॉरी हा शब्द कुणी काढला की माझे कानच उभे राहायचे तेव्हा.

बाईंनी सांगितलं आणि मग मी घरी जाताना बसमध्ये मोबाइलवर शोधत बसले, माझा स्टॉपसुद्धा गेला. तर झालं असं. आपल्याला वाटतं सॉरी म्हणजे सॉरो, दुःख, त्यातनं आला असणार. दिसतात सारखे. पण नाही. दोघांचं मुळात काही नातंच नाही, दिसायला सारखे म्हणून लोकांनी शेजारी बसवले आणि मग स्पेलिंग पण एकमेकांसारखं होत गेलं. सॉरीची खरी बहीण आहे सोअर. सोअर थ्रोट म्हणतो बघा आपण, घसा दुखतोय, सुजलाय, ते. फार जुन्या इंग्रजीत शब्द होता सारिग. म्हणजे ज्याला दुखतंय तो. ज्याच्या आत कुठंतरी ओलं, सोललेलं आहे तो. आणि जर्मन झेअरचा पण जुना अर्थ तोच, दुखेपर्यंत. दुखेपर्यंतचं झिजत झिजत नुसतं खूप झालं. आपण नाही का म्हणत, भयंकर गोड आहे, भयानक आवडलं, त्यात भय कुठं राहिलंय आता?

मग मधल्या काळात सॉरीचा अर्थ झाला, दीनवाणा, केविलवाणा, कुणालाही कीव येईल असा. तो अजून आहे, एखाद्या गोष्टीची सॉरी अवस्था म्हणतात. आणि माफी मागायला एकटा सॉरी शब्द टाकून द्यायचा, हे तर फार उशिरा आलं. त्याच्या आधी अख्खं वाक्य होतं, मला वाईट वाटतंय, अमुक झालं म्हणून. पुढं वाक्य गळून पडलं आणि एकटा शब्द राहिला. आता तर ऐकू आलं नाही तरी सॉरी, बाइकचा आरसा आरशाला घासला तरी सॉरी भाऊ, आणि उत्तर ऐकायच्या आत माणूस सिग्नल तोडून पुढं.

मला हे इतकं आवडलं की मी मैत्रिणीला बसमध्ये सगळं सांगितलं. आणि पुढं सांगितलं की बघ, आपल्याकडं यासाठी रोजचा शब्दच नाही. कुणाला पाय लागला तर आपण हात लावून तो कपाळाला नेतो, तोंडानं काहीच नाही. क्षमा तर पुस्तकात. माफ करा म्हणतो, पण माफ शब्द अरबीतून फारसीतून फिरत आलेला, आणि त्यात आपण समोरच्याकडं काहीतरी मागतो. आणि मुळात आपण काय म्हणतो? चुकलं. माझ्या आजोळी म्हणतात, चुकलं आमचं. त्यात काय चुकलं ते सांगावंच लागतं, नाहीतर पुढचा विचारतोच, काय चुकलं? सॉरीला कुणी विचारत नाही.

मैत्रिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंजी इंग्रज लोकांना आधी दुखायचं अन् मग म्हनायचे."

"हो."

"अन् आपल्या सायबाला न दुखताच येतंय."

हेच. मला नुसती सॉरी नको होती. मला त्या माणसाला दुखलेलं बघायचं होतं. सारिग. शब्दाचा जुना माल पाहिजे होता मला, झिजलेला नको होता.

जर्मनच्या परीक्षेसाठी मी एक दिवस रजा टाकली. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढले तर मैत्रीण खिडकीला तोंड लावून बसलेली.

"काय झालं?"

"काल मला पॅकिंगला टाकलं तुझ्या जागी. डाव्याला उजव्याचं लेबल. मी म्हनलं, सर हे उलटं लागायलंय. तर म्हनले, गाडी लागलीय, आन इकडं."

"आणि स्वतः लावलं?"

"सोताच्या हातानं. अन् फोटो आलाय रातीच. मला फोनवर म्हनले, बेटा, गोलात ये."

मला खरं सांगायचं तर तिच्यासाठी वाईट वाटलं ते नंतर. आधी अंगातून एक गरम लहर गेली. परत तेच केलं त्यानं, आणि ह्या वेळी मी नव्हते.

"तू मध्ये जाऊ नको," मी म्हटलं.

"न जाऊन कुठं जाऊ? तू गप रहा गं. पटकन् म्हनून टाकते."

गोल झाला. हातपाय हलवले, शपथ झाली. सरांनी मायेनं हाक मारली, ती मध्ये गेली, ओढणी नीट केली आणि म्हणाली, "सॉरी टीम." टाळी पडली. मी हात पाठीमागं घेऊन बोटात बोटं अडकवली होती. माझ्या शेजारी तपासणीच्या टेबलावरच्या मावशी असतात, जवळच्याच गावातल्या, त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं.

"काय गं, टाळी?"

"नाही वाजवायची."

"का बरं?"

"तिनं लेबल लावलंच नाही मावशी. सरांनी लावलं. माझ्या वेळी पण त्यांनीच लावलेलं."

मी हळूच बोलले होते, पण गोलात काही हळू राहत नाही. मावशी म्हणाल्या, "व्हय? मग माझी बी न्हाई असं समज." त्यांची वाजून झाली होती, तरी.

सर म्हणाले, "चला चला, झालं, लाइनवर."

मी म्हटलं, "सर, टाळी पूर्ण नाही झाली."

आणि इथं मला एचआर मॅडमचे आभार मानले पाहिजेत, कारण नियम त्यांचं लेकरू होता. त्या एकदम खुश होऊन म्हणाल्या, "हो सर, टाळी सगळ्यांची लागते. परत घेऊ या ना." मैत्रीण परत म्हणाली, सॉरी टीम. ह्या वेळी टाळी फाटकी पडली, कुठं वाजली कुठं नाही. मावशींनी हात पदरात गुंडाळले होते, त्यांच्या पलीकडच्या दोघींनी पण. परत घेतली. आणखी विरळ. हूटर झाला. लाइन बंदच. हूटर होऊनसुद्धा लाइन बंद, हे आमच्याकडं होत नाही, त्यामुळं प्लँटचे मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले.

"काय चाललंय?"

सर काही बोलायच्या आत मैत्रीण मधूनच म्हणाली, "सायेब, मी कवाची सॉरी म्हनायलेय, पन टाळी पडंना."

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "कशाबद्दल सॉरी?"

बघा, हा प्रश्न त्या गोलात तोपर्यंत कुणी कुणाला विचारलाच नव्हता. चूक म्हटली की सॉरी, सॉरी म्हटली की टाळी, बस.

"लेबलाबद्दल. पन लेबल म्या न्हाई लावलं."

"मग कोणी लावलं?"

तिनं फक्त सरांकडं बघितलं. मग गोलातल्या एकेकानं मान वळवली. सर म्हणाले, "सर, ते गाडीची घाई होती, टीमचंच आहे तसं, टीमची चूक..."

"तुम्ही लावलं का?"

"...हो सर."

"मग मध्ये या."

मैत्रीण बाहेर आली आणि सर मध्ये गेले. दोन पेनं, गुळगुळीत दाढी. त्यांनी हसून, सगळ्यांकडं एकदा फिरून बघत, लग्नात आहेर घेताना बघतात तसं, म्हटलं, "सॉरी टीम." काही हात उठले. माझे नाही उठले. आता सगळे माझ्याकडं बघत होते.

"मागच्या वेळचं पण, सर."

"मागचं कुठलं?"

मला ते त्यांच्या तोंडून पाहिजे होतं. मावशी पदरातून हात न काढता म्हणाल्या, "त्या पयल्या लेबलाचंच की. तवा मध्ये कोन हुतं उभं?"

सरांचं हसू अजून तसंच होतं, पण आता ते चेहऱ्यावर नुसतं राहिलेलं होतं, भाड्याच्या खोलीत मागच्यांचं कॅलेंडर राहतं तसं. ते माझ्याकडं बघत नव्हते. म्हणाले, "तेव्हा पण... लेबल मीच लावलं होतं."

"अन् मध्ये कोन हुतं?"

"ही होती." हातानं माझ्याकडं दाखवलं. "हिची चूक नव्हती. हिनं सांगितलं होतं मला."

बेटा म्हणाले नाहीत. आणि मी बघत होते, नीट बघत होते, पापणी हलवली नाही. आधी त्यांचे कान लाल झाले. मग गळ्याची ती उंचवट्याची जागा वर गेली आणि खाली यायला वेळ लागला. सॉरी ते म्हणालेच नाहीत त्या वेळी. नुसतं काय केलं ते म्हणाले, मराठीत. आणि दुखलं. मला दिसलं. तुम्हाला वाटेल की मग मला काहीतरी वाईट वाटलं असेल, पोकळ वाटलं असेल, लोक असंच लिहितात. मला मस्त वाटलं. सकाळी उपाशी आले होते आणि पोट भरलं.

टाळी पडली. मोठी पडली. मी वाजवली नाही. माझे हात मागंच होते, आणि ह्या वेळी एचआर मॅडमना पण नियम आठवला नाही. लाइन सुरू झाली.

चहाच्या वेळेला सर पाण्याच्या कूलरपाशी आले. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाले, "झालं का समाधान?"

"थोडं झालं."

"माझी इतक्या वर्षांची सर्व्हिस आहे इथं. एका लेबलावरून तू..."

"दोन लेबलं सर."

त्यांनी ग्लास ठेवला आणि गेले. तेव्हापासून ते पॅकिंगच्या टेबलाकडं येत नाहीत, काही सांगायचं असलं तर दुसऱ्याला पाठवतात. केक मी अजूनही कापते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल झाला, हातपाय हलवले, शपथ झाली आणि एचआर मॅडम म्हणाल्या की वेळ वाचवण्यासाठी आजपासून सॉरीचा भाग बंद करतोय, चुका आता मीटिंगमध्ये बघू. बारीक आवाजात म्हणाल्या, त्यांचं लेकरूच गेलं ना. आम्ही इतके दिवस मध्ये उभे राहिलो तेव्हा वेळ वाचवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एक सुपरवायझर उभा राहिला आणि लगेच वेळ महाग झाला. याचा राग मला वेगळा आहे, त्याचं बघू नंतर.

संध्याकाळी बसमध्ये मैत्रीण म्हणाली, "तुझ्यापायी बंद पडलं बघ ते."

"पडू दे."

"अगं, चांगलं चालू झालं होतं आत्ता कुठं. अजून दोघा-तिघांना मध्ये आणायचं होतं मला."

"बंद पडलं तेच बरंय," मी म्हटलं. "आता त्या गोलातली शेवटची सॉरी कायमची त्याचीच राहील."

तिनं तिच्या डब्यात उरलेली शेंगदाण्याची चटणी मला दिली, आणि आम्ही तळवडे येईपर्यंत ती कोरडीच खाल्ली.